आंब्वाझला पहिल्यांदा जाताना: ल्वारकाठच्या एका छोट्या गावासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पॅरिसच्या नैर्ऋत्येस साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर, ल्वार नदीच्या डाव्या तीरावर आंब्वाझ हे जेमतेम बारा-तेरा हजार वस्तीचे गाव आहे. फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीसाठी आलेले मराठी लोक, आणि त्यांना भेटायला भारतातून आलेले आई-वडील, हे गाव बहुधा एका दिवसात ‘उरकतात’: सकाळी पॅरिसहून निघायचे, राजवाडा पाहायचा, लिओनार्दो दा व्हिंचीचे घर पाहायचे आणि रात्री परतायचे. मीही पहिल्या खेपेला तेच केले आणि आई-बाबांना दिवसभर घड्याळाच्या मागे पळवले. त्यानंतर चार वेळा जाणे झाले, आणि दर वेळी राजवाड्यांची संख्या कमी करून नदीकाठचा वेळ वाढवला तेव्हाच सहल सुखाची झाली. हा लेख त्याच अनुभवावर बेतलेला आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. गावाच्या नावाचा उच्चार ‘एम्बॉइज’ असा नसून ‘आंब्वाझ’ असा आहे. तिकीट खिडकीवर किंवा गाडीत कोणाला विचारताना याचा फार उपयोग होतो, कारण इंग्रजी वळणाचा उच्चार केला तर समोरचा माणूस नम्रपणे कपाळाला आठ्या घालतो आणि आपण मग मोबाइलवरचे नाव दाखवत बसतो.

१. किती दिवस आणि कोणत्या महिन्यात

दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस हे माझ्या मते किमान आहे. पहिल्या दुपारी गाव आणि राजवाडा, दुसरा पूर्ण दिवस सायकल आणि नदी, तिसऱ्या सकाळी राहिलेले एखादे ठिकाण किंवा बाजार, असा हिशेब ठेवावा. आंब्वाझचा आठवडी बाजार शुक्रवारी आणि रविवारी सकाळी नदीकाठी भरतो. रविवारचा बाजार मोठा असतो, त्यामुळे शुक्रवार ते रविवार असा मुक्काम सर्वात सोयीचा पडतो.

मे, जून आणि सप्टेंबर हे तीन महिने मला सर्वात चांगले वाटतात. जूनमध्ये सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या पुढे होतो, म्हणजे संध्याकाळी सात वाजता सायकल काढली तरी अडीच तास उजेड हाताशी असतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही भरपूर असतात. हिवाळ्यात राजवाडे उघडे असतात, पण डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि होड्या, काही बागा व सायकलची दुकाने बंद राहतात. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सार्वजनिक सुट्ट्यांना जोडून फ्रेंच लोक मोठी रजा घेतात, म्हणून त्या आठवड्यात जायचे असल्यास राहण्याची जागा बरीच आधी ठरवावी.

२. सोबत ठेवायची कागदपत्रे आणि सामान

• भारतातून येणाऱ्यांसाठी पासपोर्ट, त्यावरील शेंगेन व्हिसा आणि प्रवास विमा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागतेच. त्या विम्याचा कागद घरी न ठेवता सोबत ठेवावा.
• फ्रान्समध्ये राहणाऱ्यांसाठी निवास परवाना, आणि विद्यार्थी असल्यास विद्यार्थी ओळखपत्र. सवलत मागताना ते दाखवावे लागते.
• सायकल भाड्याने घेण्यासाठी ओळखपत्र आणि अनामतीसाठी क्रेडिट कार्ड. अनेक दुकाने अनामत रक्कम कार्डावर अडवून ठेवतात आणि सायकल परत केल्यावर मोकळी करतात. भारतीय डेबिट कार्डावर असे केल्यास ती रक्कम खात्यात परत दिसायला बरेच दिवस लागू शकतात. कार्डाचे परदेशातील व्यवहार बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावेत.
• वीस-तीस युरोंची रोकड, बाजारातील छोट्या दुकानांसाठी.
• टाचा व बोटे झाकणारे बूट, हलके जाकीट, टोपी, पाण्याची बाटली. नदीवरचा वारा मे महिन्यातही सकाळी बोचतो.
• मोठी चाकांची बॅग शक्यतो आणू नये. स्थानक लहान आहे, तेथे सामान ठेवण्याच्या सोयीवर विसंबता येत नाही, आणि राजवाड्यात मोठ्या बॅगा आत घेऊ देत नाहीत.

तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपात चालतो, आणि केवळ वैद्यकीय मदतीसाठी फ्रान्समध्ये १५ आहे.

३. गाडी: दोन रस्ते, आणि एक नेहमीची चूक

पॅरिसहून आंब्वाझला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ओस्तरलित्झ स्थानकावरून ऑर्लेआँ आणि ब्ल्वामार्गे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीचा. यातील काही गाड्या थेट आंब्वाझला थांबतात आणि साधारण दोन तास घेतात. दुसरा मार्ग माँपार्नास स्थानकावरून वेगवान तेजेवे (TGV) गाडीने सँ-पिएर-दे-कोर येथे जाण्याचा. तेथे सुमारे एका तासात पोहोचता येते, पण मग गाडी बदलून प्रादेशिक गाडीने आंब्वाझकडे मागे यावे लागते.

वेगवान गाडीच्या मोहात पडून बहुतेक नवखे दुसरा मार्ग घेतात, आणि जोडगाडीची वाट पाहण्यात वाचलेला वेळ तेथेच खर्च होतो. वयस्कर मंडळी किंवा लहान मुले सोबत असतील तर मी डोळे झाकून ओस्तरलित्झची थेट गाडी सुचवेन: जिने नाहीत, फलाट बदलणे नाही, आणि खिडकीतून ब्ल्वाच्या पुढे नदी दिसू लागते. तेजेवेनेच जायचे असेल तर एक ध्यानात ठेवावे. सँ-पिएर-दे-कोर हे तूर शहराच्या शेजारचे, पण स्वतंत्र स्थानक आहे. काही तेजेवे तूरच्या स्थानकात जाऊन संपतात, तर काही सँ-पिएर-दे-कोरला दोन-चार मिनिटे थांबून पुढे प्वातिए आणि बोर्दोच्या दिशेने निघून जातात. त्या गाडीत डोळा लागला तर पुढची जाग दुसऱ्याच प्रांतात येईल.

तेजेवेचे तिकीट जितके आधी काढावे तितके सहसा स्वस्त पडते. सायकल सोबत न्यायची असल्यास मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे नियम वेगवेगळे आहेत. त्याविषयी सहाव्या टप्प्यात लिहिले आहे.

४. स्थानकापासून गावात, आणि मुक्काम कोणत्या तीरावर

नकाशावर न पाहता खोली घेणाऱ्यांची फसगत येथे होते. रेल्वे स्थानक नदीच्या उजव्या तीरावर आहे आणि जुने गाव, राजवाडा, बाजार हे सारे डाव्या तीरावर. मधे ल्वारच्या दोन प्रवाहांवर दोन पूल आहेत, आणि त्या पुलांमध्ये ईल दोर, म्हणजे सोन्याचे बेट, आडवे पडलेले आहे. स्थानकापासून राजवाड्याच्या पायथ्यापर्यंत चालत वीस मिनिटे लागतात. पाठीवर पिशवी असेल तर हे चालणे आनंदाचे आहे, कारण दुसरा पूल चढताच पांढऱ्या दगडाचा राजवाडा एकदम समोर उभा राहतो. चाकांची बॅग असेल तर तेच चालणे नकोसे होते. आमच्या पहिल्या खेपेला बाबांच्या बॅगेचे एक चाक पुलाच्या अलीकडेच निखळले आणि उरलेले अंतर ती बॅग मी डोक्यावर घेऊन चाललो. गावातील मुले हे दृश्य पाहायला थांबली होती.

मुक्काम जुन्या गावात घेतला तर सर्व काही पायी होते. ईल दोरवर नगरपालिकेचा तंबूतळ आहे. उन्हाळ्यात तंबू घेऊन जाणाऱ्यांना यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही, कारण तंबूच्या तोंडाशी नदी आणि पलीकडे राजवाडा असे दृश्य असते. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी प्रति रात्र थोडा पर्यटक कर द्यावा लागतो. तो फसवणुकीचा प्रकार नव्हे, फ्रान्समध्ये बहुतेक पर्यटनस्थळी असतो.

५. पहिली दुपार: राजवाडा आणि लिओनार्दोचे घर

‘शातो’ या शब्दाचे भाषांतर आपण किल्ला असे करतो आणि मनात राजगड किंवा सिंहगड घेऊन जातो. आंब्वाझचा शातो मुळात कड्यावरचा दुर्गच होता, पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा राजवाडा झाला. तेथे चढण आहे, तटबंदी आहे, ट्रेक नाही. दोन-अडीच तास पुरेसे होतात. तिकीट आधी ऑनलाइन काढल्यास रांग टळते. वर्षात १ जानेवारी आणि २५ डिसेंबर सोडले तर तो रोज उघडा असतो, मात्र बंद होण्याची वेळ ऋतूनुसार बदलते, म्हणून जाण्याच्या आठवड्याची वेळ त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

आत काय पाहायचे हे आधी ठाऊक असेल तर पाय कमी दुखतात. राजा शार्ल आठवा १४७० मध्ये येथेच जन्मला आणि १४९८ मध्ये येथेच मेला. चेंडूचा खेळ पाहायला जात असताना एका बुटक्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली आणि काही तासांत तो गेला. इटलीवर स्वारी करून आलेल्या राजाचा हा शेवट मार्गदर्शक मोठ्या चवीने सांगतात. १५६० मध्ये प्रॉटेस्टंट बंडखोरांचा कट फसल्यावर त्यांतील अनेकांना याच वाड्याच्या सज्जांवरून लटकवण्यात आले. अल्जीरियाचा अमीर अब्द अल-कादिर १८४८ ते १८५२ या काळात येथे कैदेत होता, आणि त्याच्यासोबतच्या ज्या लोकांना येथे मृत्यू आला त्यांच्या स्मरणार्थ बागेत एक शांत स्मृतिस्थळ आहे. बहुतेक लोक तेथपर्यंत जातच नाहीत, आपण जावे.

तटावरील छोटे सँ-उबेर प्रार्थनागृह चुकवू नये. दारावरील दगडात शिंगांमध्ये क्रूस असलेले हरीण कोरले आहे, आणि आत लिओनार्दोची समाधी आहे. येथे एक बारकावा आहे. लिओनार्दोला मुळात वाड्याच्या आवारातील दुसऱ्या, मोठ्या चर्चमध्ये पुरले होते. ते चर्च एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले. १८६३ मध्ये त्या जागी उत्खननात सापडलेल्या अस्थी त्याच्याच असाव्यात असे मानून त्या पुढे या प्रार्थनागृहात आणण्यात आल्या. त्यामुळे समाधी पाहताना ‘असाव्यात’ हा शब्द मनात ठेवावा.

बाहेर पडताना जिन्याकडे न वळता गोल बुरुजातला उतार मिळतो का, हे पाहावे. घोडेस्वार आणि गाड्या थेट नदीकाठावरून वाड्यात चढाव्यात म्हणून बुरुजाच्या आत हा वळणावळणाचा रुंद उतार बांधला आहे. गुडघे दुखणाऱ्यांना तो सोपा, आणि मुलांना तर संपूर्ण वाड्यात तोच आवडतो.

राजवाड्यापासून क्लो ल्यूसे हे लिओनार्दोचे घर पाचशे मीटरवर आहे. वाट व्हिक्टर ह्यूगोच्या नावाच्या रस्त्याने जाते, आणि तिच्या एका बाजूला मऊ, पांढऱ्या त्युफो दगडाच्या कड्यात कोरलेली घरे आहेत. दार, खिडकी, खिडकीत कुंड्या, आणि वर छपराऐवजी डोंगर. लोक आजही त्यांत राहतात, तेव्हा आत डोकावून छायाचित्रे काढू नयेत. फ्रान्स्वा पहिला या राजाच्या आमंत्रणावरून लिओनार्दो १५१६ मध्ये इटलीतून येथे आला. सोबत आणलेल्या चित्रांमध्ये ‘मोनालिसा’ही होती, म्हणूनच ते चित्र आज पॅरिसमध्ये आहे. २ मे १५१९ रोजी तो या घरात वारला. घराच्या खोल्या पाहायला तासभर पुरतो, पण खरी गंमत मागच्या बागेत आहे: त्याच्या आराखड्यांवरून बनवलेली मोठी यंत्रे आणि पूल आमास या ओढ्याच्या काठी मांडले आहेत, आणि त्यांतील काही हाताने फिरवून पाहता येतात. मुले सोबत असतील तर बागेला दोन तास द्यावे आणि घर भरभर पाहावे.

सवलतींबाबत एक गैरसमज दूर करतो. पॅरिसमधील काही सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, किंवा युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालील तरुणांना तेथे प्रवेश मोफत असतो, हे ऐकून अनेक विद्यार्थी येथेही तशाच अपेक्षेने येतात. आंब्वाझचा वाडा एका प्रतिष्ठानाचा आहे, तर क्लो ल्यूसे खासगी मालकीचे आहे; दोन्हीकडे तो नियम लागू नाही. विद्यार्थ्यांना कमी दर मिळतो, तेवढेच. शाँबोरचा प्रचंड राजवाडा मात्र सरकारी असल्याने तेथे फ्रान्समधील निवास परवाना दाखवणाऱ्या २६ वर्षांखालील भारतीय विद्यार्थ्यांनाही मोफत जाता येते.

६. दुसरा दिवस: सायकल

या गावाचे मर्म सायकलवरून कळते. ‘ला ल्वार आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरचा आखलेला सायकलमार्ग नदीच्या साथीने अटलांटिक समुद्रापर्यंत जातो आणि आंब्वाझमधूनच जातो. सगळा मार्ग पार करण्याची गरज कोणालाच नाही. आपल्याला त्यातील वीस किलोमीटर पुरतात.

आधी सायकल. गावात भाड्याची दुकाने आहेत आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी विजेवर चालणाऱ्या सायकली लवकर संपतात, म्हणून आदल्या आठवड्यात नोंदणी करावी. ताब्यात घेताना पुढील गोष्टी दुकानातच पाहाव्यात: दोन्ही ब्रेक, बसण्याच्या गादीची उंची, कुलूप, पंक्चरचे साहित्य आणि दिवे. भारतातल्या सायकलींपेक्षा येथील ब्रेक बरेच जोरात लागतात. आईने पहिल्या दहा मीटरमध्येच पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून पुढे झुकली. सुदैवाने मागे मी होतो. तेव्हा मोकळ्या जागेत पाच मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय रस्त्यावर उतरू नये.

आता दिशा. ल्वारच्या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून वाहतो. पश्चिमेस माँलुई आणि तूरकडे निघालात तर तो तोंडावर येतो. पूर्वेस शोमाँकडे निघालात तर पाठीवर. नवख्यांनी पूर्वेची वाट धरावी. आंब्वाझहून शार्झे, मोन आणि रियी या गावांवरून शोमाँ-स्युर-ल्वार साधारण वीस किलोमीटर आहे. वाट कधी नदीला लागून, कधी द्राक्षमळ्यांच्या कडेने, कधी गावातल्या शांत गल्लीतून जाते. फलक नीट लावलेले आहेत, तरीही वळणावर फलक दिसला नाही तर शंभर मीटर मागे यावे. बहुतेक वेळा तो वेलीआड असतो. रमतगमत, थांबत गेल्यास अडीच तास लागतात.

शोमाँला टेकडीवर राजवाडा आहे आणि १९९२ पासून त्याच्या आवारात दरवर्षी आंतरराष्ट्रीय उद्यान महोत्सव भरतो. महोत्सव वसंतापासून शरदापर्यंत चालतो, आणि दरवर्षी एक विषय ठरवून निरनिराळ्या रचनाकारांना छोटे वाफे दिले जातात. केवळ बागा पाहायलाच तीन तास जातात.

परत येताना वाऱ्याविरुद्ध पाय मारायचे नसतील तर माझी सर्वात आवडती युक्ती सांगतो. शोमाँचा पूल ओलांडून उजव्या तीरावरील ऑन्झँ स्थानकात यावे, सायकल घेऊन प्रादेशिक गाडीत बसावे आणि दहा-पंधरा मिनिटांत आंब्वाझला उतरावे. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, पण उन्हाळ्यात काही गाड्यांत तिच्यासाठी आधी जागा राखावी लागते, आणि शेवटची सोयीची गाडी वाटते त्याहून लवकर असू शकते. म्हणून सकाळी निघण्यापूर्वीच परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात: एक ठरवलेली आणि एक ती चुकल्यास.

रस्त्याचे नियम थोडक्यात. वाहने उजव्या बाजूने चालतात, हे चौकात डावीकडे वळताना हमखास विसरले जाते. फलक नसलेल्या छेदरस्त्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, मोठ्यांनीही घालावे. कानात इयरफोन घालून किंवा हातात मोबाइल धरून सायकल चालवण्यास दंड आहे. वाटेत द्राक्षमळ्यांची तळघरे लागतात आणि मालक आग्रहाने वाइनची चव देतात. दारूची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. नदीच्या उजव्या तीरावरील मोठ्या रस्त्याने मात्र जाऊ नये. नकाशावर तो सरळ दिसतो, पण त्यावर मालट्रक भरधाव जातात.

वीस किलोमीटर जास्त वाटत असतील तर शाँतलूचा पॅगोडा पाहावा. गावाच्या दक्षिणेस सुमारे तीन किलोमीटरवर, आंब्वाझच्या जंगलाच्या तोंडाशी, चिनी धाटणीचा ४४ मीटर उंचीचा हा सात मजली मनोरा उभा आहे. पंधराव्या लुईचा मंत्री द्यूक दे श्वाझल दरबारातून हद्दपार होऊन येथे राहायला आला, तेव्हा राजाची मर्जी न जुमानता जे मित्र त्याला भेटत राहिले त्यांच्या आभारार्थ त्याने १७७५ ते १७७८ या काळात तो बांधला. त्याचा महाल पुढे पाडला गेला, मनोरा तेवढा राहिला. वर जाणारा जिना प्रत्येक मजल्यागणिक अरुंद होत जातो. उंचीची भीती असणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरून दिसणाऱ्या तळ्यावरच समाधान मानावे. गावातून बाहेर पडताना चढ आहे, येताना तोच उतार आहे.

७. नदीत उतरण्यापूर्वी

ल्वार ही फ्रान्समधील सर्वात लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी अधिक. उन्हाळ्यात ती इतकी उथळ आणि शांत दिसते, वाळूचे पट्टे असे उघडे पडतात, की कृष्णा-कोयनेच्या काठी वाढलेल्या माणसाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत शिरावेसे वाटतेच. शिरू नये. वरून घट्ट दिसणारी वाळू पायाखालून सरकते, पट्ट्याच्या काठाशी एकदम खोल खड्डे असतात आणि पाण्याखालची ओढ वरून दिसत नाही. पोहण्यास येथे मनाई आहे आणि ती केवळ कागदावरची नाही. या नदीत दर उन्हाळ्यात माणसे बुडतात. वसंतापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाळूच्या बेटांवर सुरय पक्षी उघड्यावर अंडी घालतात. ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली येतात, म्हणून होडीतूनही त्या बेटांवर उतरू नये.

नदीवर जाण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. पहिला म्हणजे स्थानिक नावाड्यांच्या लाकडी, सपाट बुडाच्या होडीतून फेरी. या होड्यांना ‘तू’ किंवा ‘फ्युत्रो’ म्हणतात, आणि पाणी कमी असतानाही त्या वाळूवर न अडकता जातात, कारण रेल्वे येईपर्यंत या नदीवरचा सगळा व्यापार अशाच बुडाच्या होड्यांतून चालत होता. संध्याकाळची फेरी घ्यावी. सत्तरच्या दशकात ब्ल्वाजवळ पुन्हा सोडलेले बीव्हर आता या भागात पसरले आहेत; प्राणी दिसेलच असे नाही, पण नावाडी काठावरची विलोची खोडे दाखवतो, पेन्सिलीला टोक करावे तशी कुरतडलेली, खाली ताज्या भुशाचा ढीग. आमच्या होडीतल्या एका लहान मुलीने तो भुसा रुमालात बांधून घेतला होता.

दुसरा मार्ग कयाकचा. प्रवाहाबरोबर खाली जायचे आणि ठरलेल्या जागी चालकांच्या गाडीने परत यायचे, अशी पद्धत आहे. पोहता येणे आवश्यक आहे, जीवरक्षक जाकीट सतत अंगावर हवे, चपला नकोत. पुलाच्या खांबांपासून लांब राहावे, कारण खांबांपाशी पाणी खेचते. पहिल्यांदाच वल्हे हातात घेणाऱ्यांनी ल्वारऐवजी दक्षिणेकडच्या शेर नदीचा विचार करावा. ती अधिक संथ आहे, आणि तिच्यावरून जाताना शनाँसो राजवाड्याच्या कमानींखालून कयाक नेता येते.

८. जेवणाची वेळ, आणि शाकाहाऱ्यांची अडचण

पहिल्या खेपेची आमची सर्वात मोठी चूक येथे झाली. राजवाडा पाहून अडीच वाजता एका उपाहारगृहात शिरलो, तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. लहान गावांत दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळेतच मिळते आणि रात्रीचे स्वयंपाकघर साधारण सात-साडेसातला उघडते. शेवटी ईल दोरच्या काठी बसून आईने भारतातून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर राजवाडा होता, त्यामुळे कोणी फार तक्रार केली नाही. पण आपण साडेबाराला टेबल धरावे हे बरे.

शाकाहाऱ्यांनी केवळ ‘व्हेजितारियँ’ म्हणून थांबू नये, कारण मासे चालतील असे काहींना वाटते. ‘सां व्हियांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे सांगावे. साध्या दिसणाऱ्या हिरव्या सॅलडमध्ये ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘कोंप्लेत’ नावाच्या घावनासारख्या गालेतमध्ये हॅम असते. आणि ‘रियेत’ हा बरणीतला लगदाही मांसाचाच. याउलट ‘फुए’ हा या भागातला पदार्थ आपल्याला सहज रुचतो. भट्टीत फुगलेली लहान पोळी मधे चिरून त्यात पांढऱ्या घेवड्याची उसळ किंवा बकरीच्या दुधाचे चीज भरतात. बाजारात सँत-मोर हे बकरीच्या दुधाचे चीज अवश्य पाहावे: राखेने माखलेला लांबट गोळा, आणि त्याच्या आरपार राय (rye) या धान्याची एक काडी. ती काडी कापण्यापूर्वी ओढून काढायची असते. मी पहिल्यांदा सुरीने तिच्यासकट कापले आणि दुकानदार बाईंनी न बोलता सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

९. वेळ उरला तर शनाँसो, आणि परतीचा प्रवास

शनाँसोचा राजवाडा शेर नदीवर पुलासारखा बांधलेला आहे आणि आंब्वाझपासून सडकेने पंधरा किलोमीटरच्या आत आहे. तेथे स्थानक राजवाड्याच्या फाटकालगत आहे, परंतु ते आंब्वाझच्या मार्गावर नाही. आंब्वाझहून रेल्वेने जायचे तर तूरच्या बाजूने मोठा वळसा पडतो. बस, टॅक्सी किंवा चढाची तयारी असल्यास सायकल, हे पर्याय बरे. पहिल्या महायुद्धात नदीवरच्या लांब दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि मोकळ्या फ्रान्समधली सीमारेषा शेर नदीवरून जात असल्याने दालनाचे एक दार एका बाजूला आणि दुसरे दुसऱ्या बाजूला उघडत होते. तिसऱ्या सकाळी, दार उघडताच, पर्यटकांच्या बसगाड्या येण्यापूर्वी पोहोचावे. अकरानंतर त्या दालनात उभे राहायलाही जागा नसते.

आंब्वाझ, क्लो ल्यूसे, शनाँसो, शोमाँ आणि शाँबोर असे पाचही दोन दिवसांत बसवण्याचा आराखडा कोणी दाखवला तर तो बाजूला ठेवावा. तिसऱ्या राजवाड्यापासून सगळ्या पलंगांचे पडदे एकसारखे दिसू लागतात. नदीकाठचा सायकलचा दिवस कापून चौथा वाडा पाहू नये, एवढे माझे मत आहे.

रविवारी संध्याकाळी पॅरिसकडे परतणाऱ्या गाड्या भरून जातात. जाण्याचे तिकीट काढतानाच परतीचेही काढून ठेवावे, सायकल दुकान बंद होण्यापूर्वी परत करून अनामतीची पावती घ्यावी, आणि पुलावरच्या वीस मिनिटांच्या चालण्यात आणखी दहा धरावीत, कारण दुसऱ्या पुलाच्या मध्यावर मागे वळून पाहायला सगळेच थांबतात.